‘नाही’ म्हणणारा माणूस शोधताना: काली गंडकीवरचं राफ्टिंग

परदेशात राफ्टिंग शोधायला बसलं की आधी फोटो दिसतात, नदी कुठेच दिसत नाही. सगळीकडे तेच: रांगेत उगारलेली वल्ही, आ वासलेली तोंडं आणि मधोमध पांढरा फेस. तो फेस कुठल्या महिन्यातला, त्या दिवशी पाणी किती होतं, पुढच्या मिनिटाला ही मंडळी बोटीत राहिली की बाहेर पडली, याचा पत्ता नाही. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा, रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून बसायचो आणि तासाभराने आधीपेक्षा जास्त गोंधळून उठायचो.

आमचं राफ्टिंगचं शिक्षण कोलाडचं. तिथल्या कुंडलिका नदीचं गणित सोपं आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली उतरतं, सकाळी ते सोडलं की नदी फुगते आणि राफ्ट सुटतात. वीजनिर्मिती नाही तर राफ्टिंगही नाही, मग तुम्ही ठाण्याहून पहाटे चारला निघालेले का असेनात. त्यामुळे नदी कुठलीही असो, पाणी येतं कुठून आणि कधी, हा प्रश्न आमच्या डोक्यात आधी येतो. परदेशी नद्यांना हीच फूटपट्टी लावल्यावर यादी भराभर आखडत गेली.

भाच्याला झांबेझी हवी होती. व्हिक्टोरिया धबधब्याच्या खालची बाटोका घळ म्हणजे या खेळाची पंढरी. तिथले रॅपिड, म्हणजे खवळत्या पाण्याचे टप्पे, नंबराने ओळखले जातात आणि नऊ नंबरचा इतका भयंकर आहे की प्रवाशांना उतरवून काठाने चालवत नेतात. पण झांबेझीचे सगळे रॅपिड उघडे पडतात ते पाणी उतरल्यावर, साधारण ऑगस्ट ते डिसेंबर. आमच्या मे महिन्याच्या सुट्टीत ती नदी फुगलेली. शिवाय दिवसभर वल्हवून झाल्यावर घळीची चढण चढायची, हे वाचल्यावर नवऱ्याने गुडघ्यावर हात ठेवला आणि विषय संपला.

युगांडातल्या जिंजाची गंमत निराळी. तिथल्या नाईल नदीची वर्णनं वाचून मी हरखलेच होते. मग लक्षात आलं की ती वर्णनं जुनी आहेत. २०१२ मध्ये बुजागालीचं धरण सुरू झालं, २०१९ मध्ये इसिम्बाचं, आणि नावाजलेले कितीतरी रॅपिड फुगवट्याखाली गेले. राफ्टिंग तिथे अजूनही चालतं, पण ज्या नदीच्या प्रेमात लोक पडले होते ती ही नाही. तेव्हापासून कुठलंही वर्णन वाचलं की आधी साल बघते. नदीवर धरण येतं आणि नेटवरची स्तुती तशीच वाहत राहते.

बाली स्वस्त पडलं असतं. उबुदजवळची आयुंग नदी दोन-तीन ग्रेडची, काठाला गच्च झाडी, कोरीव कातळ, सगळं देखणं. आजी-आजोबा, नातवंडं सगळ्यांना घेऊन जावं अशी. भाच्याने व्हिडिओ बघून निकाल दिला, “मावशी, ही वॉटर पार्कमधली लेझी रिव्हर आहे.” जरा अन्यायच केला त्याने, पण आम्हाला हवं होतं ते हे नव्हतं, हेही खरं.

या ग्रेडबद्दल दोन शब्द. नद्यांची अवघडाई एक ते सहा अशी मोजतात. तीनपर्यंत हौशी माणूस हसतखेळत जातो. चारला लाटा मोठ्या, वाट अरुंद आणि वल्हं वेळेवर पडलंच पाहिजे. पाच म्हणजे चुकलात तर जिवाशी गाठ, आणि सहाला जाणकारसुद्धा बहुधा काठावरूनच नमस्कार करतात. पण हा आकडा नदीला कायमचा चिकटलेला नसतो. पाणी चढलं की तीनचा चार होतो. क्वचित उलटंही होतं, खडक बुडतात आणि अवघड जागा सपाट होऊन जाते. म्हणून “ग्रेड चार” एवढ्यावर कुणी सफर विकत असेल तर त्याने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

नेपाळचं नाव सुचवलं ते कोलाडच्याच एका गाईडने. कोलाडला बोट हाकणाऱ्यांत नेपाळी पोरं बरीच. पावसाळ्यात त्यांच्या नद्या फुगलेल्या, ऋषिकेशही बंद, म्हणून ती इकडे येतात आणि पाऊस ओसरला की परत जातात. आमच्या बोटीवरचा पोरगा म्हणाला, “दिदी, पहले नदी पक्की करो, फिर महिना. एजन्सी वहाँ जा के, सामने बैठ के देखना.” आम्ही नेमकं उलट्या क्रमाने चाललो होतो. आधी सुट्टी, मग विमानाची ऑफर, मग एजन्सी, आणि नदी सर्वांत शेवटी.

नेपाळमध्ये नदी ठरवणं म्हणजे थाळी समोर आल्यावर कुठे हात घालावा असं होतं. त्रिशूली काठमांडू-पोखरा हमरस्त्याच्या कडेनेच वाहते, तेव्हा तिकडे जाता जाता अर्ध्या दिवसाचं राफ्टिंग उरकता येतं. आपल्याकडच्या टूर कंपन्या करवतात ते हेच. भोटेकोशी तिबेटच्या हद्दीकडून येते, छोटी, तीव्र उताराची आणि चार-पाच ग्रेडची. सुनकोशी डोलालघाटहून निघून पार तराईत चतराला पोचवते, पाऊणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आठ-दहा दिवस. आम्ही थांबलो काली गंडकीपाशी. धौलागिरी आणि अन्नपूर्णा या दोन आठ हजारी शिखरांच्या मधून उतरणारी ही नदी. तीन दिवस, दोन मुक्काम काठावरच्या वाळूत, तीन ते चार ग्रेड. आणि शाळिग्राम ज्या गंडकीत सापडतो ती हीच, हे कळल्यावर माझ्या सासूबाईंचीही परवानगी आपोआप मिळाली.

महिना ऑक्टोबर. पावसाळा सरलेला असतो, पाणी भरपूर पण उतरणीला लागलेलं. फक्त एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नसती तर फसलो असतो: आपल्या दसऱ्याच्या वेळी त्यांचं दशैं असतं आणि अर्धा देश गावी जातो. गाईडही जातात. त्या दिवसांत जी बोट मिळेल तिच्यावर कोण असेल ते सांगता येत नाही. मे महिना सोडलाच होता, म्हणून दशैं आणि तिहार (त्यांची दिवाळी) यांच्या मधली फट साधली.

विम्याचं प्रकरण मात्र कंटाळवाणं झालं, पण सांगायलाच हवं. पॉलिसीत “साहसी खेळ” वगळलेले होते. हेल्पलाईनवरच्या बाईंना विचारलं, तर बोटिंग चालेल म्हणाल्या, पोहणं चालेल म्हणाल्या, आणि राफ्टिंग म्हटल्यावर त्यांनी मला होल्डवर टाकलं. शेवटी वेगळं कव्हर घ्यावं लागलं, तेही कितव्या ग्रेडपर्यंत लागू आहे ते ईमेलवर लिहून घेऊन. तोंडी उत्तराचा दावा भरताना काही उपयोग नसतो.

पोखऱ्यात फेवा तलावाच्या काठी लेकसाईड नावाचा भाग आहे. तिथे दर दहा पावलांवर राफ्टिंग विकणारं दुकान. आम्ही संध्याकाळी चालत निघालो. पहिल्या दुकानातला गृहस्थ फार गोड. पाणी कसं आहे? “एकदम बढिया.” नवऱ्याला पोहता येत नाही, चालेल? “नो प्रॉब्लेम.” सेफ्टी कयाक, म्हणजे पाण्यात पडलेल्याला काढायला सोबत चालणाऱ्या एकट्याच्या छोट्या होड्या, किती? “जितने चाहिए.” अवघड रॅपिड चालत पार करता येतील? “ज़रूरत नहीं पड़ेगी.” भाव सांगितला तोही आकड्यात फक्त. आयसी की एनसी, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, हे आम्ही विचारल्यावर कळलं. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा दर वर्षानुवर्षं पक्का आहे, त्यामुळे नुसत्या आकड्यावर “फार स्वस्त” किंवा “फार महाग” असं ठरवू नये. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, “बोलायला बरा होता.” बरा होता, पण त्याच्या प्रत्येक उत्तरात एकच शब्द होता. मी पाय मोडलाय म्हटलं असतं तरी तो नो प्रॉब्लेमच म्हणाला असता.

तिसरं की चौथं दुकान जरा आत, गल्लीत होतं. टेबलामागे एक पन्नाशीचा माणूस चष्मा कपाळावर चढवून वही लिहीत होता. पाणी कसं आहे विचारलं तर त्याने मोबाईल पुढे केला. त्या सकाळचा फोटो. झुलत्या पुलाखालची नदी, आणि काठावरच्या एका खडकाकडे बोट दाखवून म्हणाला, हा खडक परवापर्यंत पूर्ण बुडालेला होता, आता डोकं दिसतंय, अजून हातभर उतरायला हवं. मग विचारलं, तुमच्यात पोहतं कोण? भाचा आणि मी. नवऱ्याकडे बघून म्हणाला, “सर, आप आ सकते हैं. लेकिन बिग ब्रदर पर आप पैदल जाएँगे, बोट में नहीं.” बिग ब्रदर हे तिथल्या मोठ्या रॅपिडचं नाव. आणि पाणी चढलं तर सगळेच पायी. उद्या निघता येईल का? नाही, परवा. उद्या एकच बोट भरतेय आणि एकटी बोट मी नदीत घालत नाही.

एवढे नकार एका दमात ऐकून मला हायसं वाटलं. या माणसाने नदी खरंच बघितली होती.

त्याने आम्हाला मागच्या गोदामात नेलं, आम्ही न सांगता. लाईफ जॅकेट हातात घेऊन बघा म्हणाला. बघण्यासारखं असतं: बकल धड बसतात का, आतला फोम चेपून पापड झालाय का, खांद्याचे पट्टे ओढले की जॅकेट कानापर्यंत वर सरकतं का. जॅकेट वर सरकलं तर ते पाण्यात तुम्हाला नाही, तुमच्या टोपीला तरंगवेल. हेल्मेट तिथेच घालून पाहिली. नवऱ्याच्या चष्म्याला दोरी बांधून मिळाली. दोन राफ्ट, शिवाय सामान वाहणारी एक बोट आणि पुढे-मागे राहणारे दोन सेफ्टी कयाक. पैसे पहिल्या दुकानापेक्षा जास्त होते, घासाघीस केली, फारसं काही सुटलं नाही.

पोखऱ्याहून कुश्माकडे जाताना रस्ता वळणांचा, आणि उजव्या हाताला ढग बाजूला झाले की माच्छापुच्छ्रे हा डोंगर दिसतो. नदीशी उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती रंग. काली हे नाव उगाच नाही. मुस्तांगच्या काळ्या खडकांचा गाळ घेऊन येते, पाणी राखाडी आणि गार. पाय घातला आणि घोटा बधिर झाला.

मग अर्धा-पाऊण तास शिकवणी. फॉरवर्ड, बॅकवर्ड, स्टॉप हे कोलाडचंच. “गेट डाउन” म्हटलं की बोटीच्या पोटात बसायचं आणि दोरी धरायची. “हाय साइड” म्हटलं की बोटीची जी बाजू वर उचलली गेलीय तिच्यावर सगळ्यांनी अंग टाकायचं, भले ती बाजू अंगावर येत असो. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, तळवे वर दिसले पाहिजेत. उभं राहायचं नाही, पाणी कमरेएवढं असलं तरी नाही. पाय दोन दगडांत अडकला की मागचं पाणी माणसाला पालथं पाडतं. आणि बोटीखाली वर आलात, तर हातांनी तळ चाचपत एकाच दिशेने सरका, दिशा बदलू नका. हे शेवटचं वाक्य मी त्या वेळी कामापुरतं ऐकलं होतं.

‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याने ग्रेड चारचा रॅपिड पाहिलेला नसावा.

काली गंडकीची खोड अशी की ती ओळखपाळख होऊ देत नाही. मोठे रॅपिड पहिल्याच दिवशी. लिटल ब्रदर उरकला, सगळे ओले, सगळे खूश. पुढे बिग ब्रदर. गाईडने बोटी काठाला लावल्या आणि आम्हाला घेऊन खडकावर चढला. वरून त्याने वाट दाखवली: डावीकडून शिरायचं, मधल्या खडकाच्या उजवीकडून निघायचं, त्याखाली पाणी उलटं फिरतंय त्या खड्ड्याला शिवायचं नाही. नवरा आणि दुसऱ्या बोटीतली एक इस्रायली बाई काठाने चालत निघाले. आम्हाला विचारलं, अजूनही उतरू शकता. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चल.

शिरलो डावीकडूनच. दोन लाटा सरळ घेतल्या. तिसरीने नाक फिरवलं आणि आम्ही त्या खड्ड्यात आडवे. “हाय साइड!” ऐकू आलं, मी उडीही मारली, पण बोटीची कड माझ्या पोटाखालून निघून गेली आणि मी बाहेर.

आत आवाज बदलतो. वर गर्जना असते, खाली नुसती घरघर, आणि डोळे उघडे ठेवूनही राखाडीशिवाय काही नाही. वर येताना हेल्मेट कशाला तरी ठोकलं. रबर. बोटीखाली होते मी. हात वर केले, तळ हाताला लागला, आणि डावीकडे सरकायला लागले. डावीकडेच का, कोण जाणे. उजेड आला, श्वास घेतला तो लाटेच्या माथ्यावर, म्हणजे अर्धा पाणीच. दोन लाटांच्या मधल्या खळग्यात श्वास घ्यायचा असतो, हे त्यानंतरच्या लाटेत जमलं. उताणी झाले, पाय पुढे केले. तोवर लाल कयाक आडवा आला आणि त्यातला पोरगा, भाच्याच्याच वयाचा असेल, शांतपणे म्हणाला, “दिदी, आगे से पकड़ो.” कयाकच्या नाकाला मिठी मारली आणि तो मला मागे मागे वल्हवत बोटीशी घेऊन गेला. बोटीत ओढतात तेही हाताला धरून नाही. जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरतात, एकदा पाण्यात दाबतात आणि उसळी आली की खेचून घेतात. मी भाच्याच्या मांडीवर तोंडघशी पडले. तो हसत होता की रडत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काठावरून सगळं पाहिलेल्या नवऱ्याने संध्याकाळपर्यंत फार काही बोलणं टाळलं.

पुढच्या रॅपिडचं नाव रिफंड. गाईड म्हणाला, नाव काहीही असो, पैसे परत मिळत नाहीत.

मुक्कामाबद्दल लोक विचारतात, विशेषतः बायका. वाळूत तंबू लावतात, आणि संडासासाठी लांब कोपऱ्यात खड्डा खणून त्याभोवती आडोसा केलेला असतो. पहाटे अंधारात टॉर्च घेऊन जायचं. कपडे बदलायला रिकामा तंबू मिळतो. सुके कपडे ज्या रबरी पिशवीत भरतात तिचं तोंड किमान तीनदा गुंडाळायचं, नाहीतर रात्री ओल्यातच झोपायचं. जेवण गाईडच करतात. डाळ, भात, तर्कारी आणि गुंद्रुकचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं, लोणचं, आणि कयाकवाल्या पोराने घेतलेला भाताचा डोंगर बघून मी माझ्या डबीतली शेंगदाण्याची चटणी त्याच्यापुढे केली. त्याने वास घेतला आणि म्हणाला, “कोलाडवाला!” तोही दोन पावसाळे तिथे काढून आला होता. मग ठेच्याची चौकशी झाली. तो मी नेला नव्हता.

नदीकाठची गावं या पाण्याला पवित्र मानतात. वाटेत एका घाटावर चिता जळत होती. गाईडने हात वर केला, सगळ्यांनी वल्ही मांडीवर घेतली आणि बोट पलीकडच्या काठाने जाऊ दिली. सेतीबेनीला संगमावर एक प्रचंड शिळा आहे, तिची पूजा होते. भाच्याने वाळूत गोल काळे दगड गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा गाईडने एकेक हातात घेऊन परत टाकले. शाळिग्राम वरून, मुस्तांगकडून येतो, दगड फुटला की आत शंखाची वळणं दिसतात. ती समुद्रातल्या प्राण्याची, हिमालय उभा राहण्याच्या आधीची. तुळशीच्या लग्नात आमच्याकडे जो शाळिग्राम बाहेर निघतो तो इतक्या दूरचा आणि इतका जुना असेल, असं तो ताम्हनात पाहताना कधी मनात आलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी पाणी अचानक मेलं. प्रवाह थांबला, समोरून वारा सुटला आणि वल्हवून वल्हवून खांदे भरून आले. मिर्मीचं धरण जवळ आलं होतं. २००२ साली इथे १४४ मेगावॉटचा काली गंडकी ‘ए’ प्रकल्प सुरू झाला. पाणी बोगद्यातून बेलतारीच्या वीजघराकडे वळवलं आणि राफ्टिंग मिर्मीलाच संपायला लागलं. त्याआधी बोटी खाली रामदीघाटापर्यंत जायच्या. कोलाडला वीजघरामुळे राफ्टिंग आहे, इथे वीजघरामुळे आहे ते संपतं. गाईडला याबद्दल विचारलं, तर त्याने खांदे उडवले. घरी दिवे लागतात, म्हणाला, आणि भारनियमनाच्या दिवसांत काठमांडूत कसं अंधारात बसावं लागायचं ते सांगत राहिला.

मिर्मीला बोटीतली हवा काढताना सगळे हात लावतात. बक्षिशीचं पाकीट देताना आम्ही कयाकवाल्यांचं वेगळं केलं. बरेच जण सगळं मुख्य गाईडच्या हातात ठेवतात आणि तुम्हाला पाण्यातून काढणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते त्या गाईडच्या मर्जीवर राहतं.

पोखऱ्याला परतताना बसमध्ये भाच्याने कर्णालीचं काढलं. पश्चिम नेपाळ, लांबचा पल्ला, गर्द जंगलं. गाईड म्हणाला, या महिन्यात तुमच्यासाठी नाही, पाणी फार असतं. नोव्हेंबर अखेरीस या. तिथे नेपाळगंजहून जायचं, म्हणजे आपल्याला लखनौवरून रुपैडिहाची हद्द ओलांडून जाता येईल, आणि सफर चिसापानीला संपते, बर्डियाच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून. नवऱ्याने खिडकीबाहेर बघतच सांगून टाकलं, “तुम्ही दोघं या नदीने. मी बर्डियात वाघ बघतो आणि चिसापानीला टॉवेल घेऊन उभा राहतो.”